लिव्हरमधलं लोह मोजायला पाठवण्याआधी

थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे सतत रक्त चढवावं लागून अंगात लोह साठणाऱ्या, पेशंटला लिव्हरच्या टी-टू-स्टार एमआरआयला (सिग्नल किती मिलिसेकंदांत ओसरतो ते मोजून लोह सांगणाऱ्या) पाठवायचं असेल, तर पहिला फोन अपॉइंटमेंटसाठी नाही, टेक्निशियनला करायचा. विचारायचं एकच: लिव्हरसाठी पहिला इको, म्हणजे सिग्नलची पहिली नोंद, किती मिलिसेकंदांवर घेता? उत्तर 1 च्या आसपास हवं, त्याखाली असेल तर उत्तम. ‘हार्टची सिरीजच (इकोंची मालिका) लिव्हरला चालवतो’ असं ऐकू आलं तर दुसरं सेंटर शोधा. मागच्या खेपेला नेमकं हेच विचारायचं राहिलं आणि अख्खा स्कॅन फुकट गेला.

हिशेब साधा आहे. लोह जितकं जास्त, तितका सिग्नल लवकर मरतो. लिव्हरच्या कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे 25 मिलिग्रॅम लोह असेल, तर 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवर टी-टू-स्टार भरतो जेमतेम 1 मिलिसेकंद. हार्टच्या सिरीजचा पहिला इकोच साधारण 2 वर असतो. तोवर सिग्नलचा सातवा हिस्सा उरलेला, आणि पुढच्या इकोला हाती लागतो नुसता नॉइज, म्हणजे खरखर. सॉफ्टवेअरला त्याचं काही नाही, ते नॉइजमधूनही सिग्नलच्या उताराची रेष ओढतं. रेष सपाट येते आणि लोह आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे ज्याच्या लिव्हरमध्ये लोह सगळ्यात जास्त, त्याचाच आकडा सगळ्यात फसवा.

मशीन 1.5 टेस्लाचंच बघा. 3 टेस्लावर सिग्नल जवळपास दुप्पट वेगानं मरतो, मग पहिला इकोही तितकाच आधी लागतो. ‘आमचं मशीन नवीन आहे’ हे उत्तर नव्हे. पहिला इको किती, ते विचारा.

चिठ्ठीवर ‘एमआरआय ॲब्डोमेन’ एवढंच लिहिलंत तर नेहमीचा पोटाचा स्कॅन होऊन ‘लोह साठल्यासारखं दिसतं’ असा रिपोर्ट येईल. ते आपल्यालाही माहीत होतं. हवा होता आकडा. ‘लिव्हर टी-टू-स्टार, लोहाच्या आकड्यासह, विना-कॉन्ट्रास्ट’ असं पूर्ण लिहा (कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध). हार्टचंही त्याच बैठकीत उरकून घ्या, कारण लिव्हर बरं असूनही हार्टमध्ये लोह असू शकतं. पण हार्टला हार्टची सिरीज, लिव्हरला लिव्हरची.

तारीख रक्त चढवल्यानंतर दोन-तीन दिवसांची धरा. एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं, तेवढ्यानं लिव्हरचा आकडा उलटापालटा होत नाही. हिमोग्लोबिन उतरलेलं असताना मात्र पेशंटला 15-20 सेकंद श्वास रोखणं जड जातं, आणि श्वास सुटला की चित्र फिसकटलं. लहान मुलांकडून घरी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सराव करून घ्या: श्वास सोडायचा आणि थांबायचं. भूल लागणार असेल तर ते आधीच कळवा.

डेसफेरालचा (लोह काढणाऱ्या औषधाचा) पंप बाहेर, सुईसकट. पोर्ट (शिरेत रक्त-औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर त्याचं कार्ड सोबत. दागिने वगैरे आलंच.

सिकलसेलच्या पेशंटला, आणि विदर्भातून असे बरेच येतात, तासन्‌तास उपाशी-तहानलेलं बसवू नका. कॉन्ट्रास्ट नाही, मग पाणी बंद कशाला? स्कॅनची खोली गार असते, पांघरूण मागून घ्या. गारठा आणि कमी पाणी, दोन्हींनी दुखणं उठतं.

फेरिटिन (लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) करा, पण ताप किंवा इन्फेक्शन असताना नको. तेव्हा ते उगाच चढतं.

रिपोर्टमध्ये आकडा, एकक, टेस्ला आणि पहिला इको, चारही हवेत. एकक मायक्रोमोल असेल तर सुमारे 18 ने भागा, मिलिग्रॅम मिळतील. लिव्हरचं लोह दर ग्रॅममागे 3 ते 7 मिलिग्रॅम सौम्य, 7 ते 15 मध्यम, 15 च्या वर गंभीर. हार्टचा टी-टू-स्टार 20 मिलिसेकंदांखाली असेल तर लोह आहे, 10 खाली धोका. मोजणी मोठ्या रक्तवाहिन्या टाळून, शक्यतो उजव्या भागात. पुढच्या वर्षी मशीन तेच. सीडी घ्या.

आणि सीडी उघडून पहिल्या इकोचं चित्र स्वतः बघा. लिव्हर त्यातच पाठीच्या स्नायूपेक्षा ठार काळं आणि खाली ‘सौम्य’ लिहिलंय, तर औषधाच्या डोसला हात लावायच्या आधी सेंटरला फोन करा.