दोनच पिस्तुलं, पण पारखून

जुनी युरोपीय लष्करी पिस्तुलं जमवायचा नाद पुण्यात करायचा तर आधी कायदा डोक्यात पक्का बसवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आणि आजोबांकडून वारशाने आलेलं पिस्तूलही त्या दोनांतच धरतात. त्यामुळे इथे सगळा कस निवडीचा.

निवड बोअरपासून, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासापासून, सुरू करा. ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध, म्हणजे ९ मिमीचं लुगर पी-०८ आणि वाल्थर पी-३८ बाद. माउझर सी-९६ बघत असाल तर मुठीवर लाल ९ कोरलाय का ते पाहा. तो असला की तेही ९ मिमीचं. हळहळू नका. ७.६५ ब्राउनिंग, म्हणजे आपलं बत्तीस बोअर, यात वाल्थर पीपी, सावर ३८ एच, माउझर १९१४, झेक सीझेड २७ अशी उत्तम पिस्तुलं आहेत. माझा जीव मात्र एफएन १९०० वर. हे काडतूसच मुळी त्या पिस्तुलाबरोबर आलं. जॉन ब्राउनिंगची रचना, बेल्जियममधल्या हर्स्टलचा कारखाना, आणि बेल्जियन लष्कराने ते स्वीकारलेलं. सावरकरांनी लंडनहून धाडलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि २१ डिसेंबर १९०९ चं नाशिक आपल्याला शाळेपासून ठाऊक. त्या काळाचं ब्राउनिंग हातात घेताना अंगावर काटा येतोच.

हातात आलं की आधी मॅगझिन काढा, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा. विकणारा कितीही ओळखीचा असो.

मग भिंग काढा. मी भोसरीत टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवली, म्हणून ठशांकडे माझी नजर आधी जाते. पंच मारला की धातू अक्षराच्या कडेला किंचित उचलला जातो. बोटाला ती कड लागते. बफ मारून पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा मुलामा, केलेल्या पिस्तुलावर ती सपाट होते, अक्षरं उथळ दिसतात, स्लाइडच्या धारा गोल होतात. असं पिस्तूल कितीही चमकू दे, घेऊ नका. निकेल चढवलेलंही नको. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पिस्तुलावर लष्करी स्वीकृतीचा गरुड शोधा: वाल्थरवर त्याच्याखाली ३५९, सावरवर ३७. सीझेड २७ वर युद्धकाळात कारखान्याच्या नावाऐवजी एफएनएच ही सांकेतिक अक्षरं आली. सुट्या भागांवर नंबर असतील तर ते एकमेकांशी जुळवा. झिजलेलं पण अस्सल ब्लूइंग मी कधीही पसंत करीन.

आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, तेव्हा माल फिरतो तो परवानाधारकांमध्येच. कॅम्पातल्या आर्म्स डीलरांकडे सांगून ठेवा आणि धीर धरा. थेट परवानाधारकाकडून घेणार असाल तर विकणाऱ्याने पोलिसांना लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाचा. त्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक, आहे ना, आणि पिस्तुलाचा नंबर अंकनअंक तोच आहे ना, हे पैसे देण्याआधी तपासा.

होल्स्टरला मात्र दोनाची मर्यादा नाही, आणि खरा संग्रह तिथेच वाढतो. बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. ब्रिटिश १९३७ पॅटर्नच्या कॅनव्हास होल्स्टरवर बाण आणि आय असा ठसा मिळाला तर तो हिंदुस्थानी. जर्मन चामडी होल्स्टरची मागची बाजू पाहा, तिथे कारखाना आणि साल असतं. सुटी नळी, स्लाइड किंवा मॅगझिन कुणी पुढे केलं तर सरळ नाही म्हणा. भागही कायद्यात अग्निशस्त्रच.

पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकू नका. चामडं ओल धरतं, आणि आपल्या पावसाळ्यात आठवड्याभरात तांबेरा दिसतो. हात लावला की घामाचे डाग पुसा, पातळ गन ऑइलचा हात फिरवा, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते जून ते सप्टेंबर बदलत राहा. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर आदल्या रात्री आतूनबाहेरून तेल लावा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि पावतीवर नंबर लिहून घ्या.