विशेष मुलाच्या आईला आठवड्यात दोन तास मिळावेत म्हणून

‘स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा’ असं विशेष मुलाच्या आईला शंभर जण सांगतात. त्या वेळात मुलाला कोण बघणार, यावर सगळे गप्प. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई सारखी चिडते, रडते, तेव्हा घरच्यांना ती मनाने खचलेली वाटते. बऱ्याचदा तिची झोपच झालेली नसते आणि मुलाला हाताळणं तिच्याशिवाय कुणाला येत नसतं. म्हणून सुरुवात ध्यानधारणेने करू नका. आधी मूल दुसऱ्याच्या हाती द्यायला शिका.

त्यासाठी एक कागद लागतो. मोठ्या अक्षरात लिहून तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवा. ‘जेवायला वरणभात’ एवढं लिहून भागत नाही. ‘भात मऊ कालवून, लिंबू नको, निळा प्लॅस्टिकचा चमचा, स्टीलचा दिला तर तोंड मिटतो’ असं लिहा. शू लागली की चड्डी ओढतो का, एका जागी नाचतो का? कुकरच्या शिट्टीला कान झाकतो का? चिडला की जवळ घ्यायचं की लांब बसायचं? औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता. फिट येत असेल तर वेगळ्या रंगात: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 लावा.

आता सराव. बाबा, आजी, मावशी, कुणीही एकच माणूस धरा. आज हा उद्या तो, असं नको. पहिल्या आठवड्यात 15 मिनिटं, तुम्ही शेजारच्या खोलीत. दुसऱ्यात अर्धा तास, तुम्ही इमारतीखाली. चौथ्यापर्यंत एक तास, सहाव्याला दोन. काही मुलांना याच्या दुप्पट आठवडे लागतात, लागू द्या. वार आणि वेळ ठरलेली हवी, मूल जेवलेलं आणि विश्रांती झालेलं हवं. थेरपीहून दमून आल्या आल्या हा प्रयोग केला तर फसणारच.

फसतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, आई आतून सूचना देत राहते: ‘अहो, तसं नाही धरायचं!’ समोरचा माणूस हात काढून घेतो आणि काम पुन्हा तुमच्याकडे येतं. त्याची पद्धत वेगळी असली तरी धोका नसेल तर बोलू नका. दोन, मूल रडलं की आई धावत येते. ओरडलं की आई येते, हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं आणि पुढच्या वेळी ते जास्त ओरडतं. लागलं, उलटी झाली, तर अर्थातच या. नुसतं रडणं असेल तर क्षणभर शांत होऊ द्या, मग आत या. पुढच्या वेळी वेळ निम्मी करा, पण बंद करू नका. आणि त्या दोन तासांत घराबाहेर पडा. घरात थांबलात तर भांडी घासाल.

झोपेचंही असंच. मूल रात्रीत तीनदा उठत असेल तर दोघांनी अर्धवट जागण्यात अर्थ नाही. आठवड्यातल्या दोन रात्री तरी 10 ते 3 एकाने, 3 ते 8 दुसऱ्याने बघा. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. सलग पाच तास हवेत.

थेरपीच्या होमवर्कला कात्री लावा. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी), स्पीच आणि फिजिओ या तिघांनी अर्धा-अर्धा तास दिला की रोजचा दीड तास जातो. ‘रोजच्या कामात बसतील अशा दोनच गोष्टी सांगा,’ असं स्पष्ट म्हणा. बटण लावणं आंघोळीनंतर, पोळी मागणं जेवताना. बाकीचं राहिलं तर राहिलं. चांगले थेरपिस्ट हे ऐकतात.

नातेवाईक ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणतात, तेव्हा तिथल्या तिथे सांगा: ‘मंगळवारी चार ते पाच त्याच्याजवळ बसाल का?’ नवस आणि पत्रिकेवरच्या गप्पाही त्या प्रश्नापाशी बऱ्यापैकी थांबतात.

एवढं करूनही दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, मूल झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. ते पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी देतील. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी करून घ्यायची. जीव नकोसा वाटत असेल किंवा ‘मुलासकट संपवावं’ असं मनात येत असेल, तर गुण मोजत बसू नका, एकट्या राहू नका. जवळच्या कुणाला तरी सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

राहिला पहाटे तीनचा विचार: आपल्यानंतर याचं काय? तो नुसता मनात ठेवला की वाढतो, म्हणून त्याची फाईल करा. त्यात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निदानाचे कागद. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता (एकाहून जास्त प्रकारचं अपंगत्व) असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान असतं, आई-वडील आपोआप पालक उरत नाहीत. या चार प्रकारांत 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. फाईल कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात आहे, हे घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.