दात रात्री घासायचे असतात

सातारा-सांगलीत दात घासणं म्हणजे सकाळचं काम. उठलं, ब्रश फिरवला, चहा घेतला. रात्री जेवण झालं की फार तर एक चूळ, आणि अंथरूण. दातांचं नुकसान मात्र बहुतेक त्या अंथरुणातच होतं. दिवसभर तोंडात लाळ वाहत असते. ती अन्नाचे कण धुते, आंबटपणा मारते आणि दातावरच्या कवचातून गेलेलं कॅल्शियम परत भरते. झोप लागली की लाळ अगदीच कमी होते. दातांवरच्या चिकट थरातल्या जंतूंना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. त्या थराचा पीएच (आंबटपणाचं माप, ते जितकं कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की कवच विरघळू लागतं. जागेपणी लाळ हे अर्ध्या-पाऊण तासात सावरून घेते, रात्री सावरायला ती नसते. म्हणून दिवसातून एकदाच घासणार असाल तर सकाळचं सोडा, रात्रीचं धरा.

रात्रीचं म्हणजे घड्याळातल्या रात्रीचं नव्हे. शेतीची वीज रात्रीची असली की उसाला पाणी पाजून माणूस पहाटे चारला घरी येतो. हंगामात कारखान्याची रात्रपाळी सकाळी सुटते. रात्रभर गोड चहा झालेला असतो. अशांनी आडवं होण्याआधी घासायचं, मग ती झोप सकाळी आठला का असेना.

ब्रश आणि पेस्ट

पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेला ब्रश घ्या. कडक ब्रशनं दात जास्त स्वच्छ होतात ही समजूत कढई घासण्यातून आलेली दिसते. आडवा-तिडवा जोर लावला की हिरडी वर सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि गार पाण्यानं शिवशिवायला लागतं. जोर जास्त होतोय का हे ब्रशच सांगतो: तीन महिन्यांच्या आत त्याचे केस बाहेर फाकले तर हात जड पडतोय. केस फाकले नसले तरी तीन महिन्यांनी ब्रश बदला.

पेस्टच्या पाकिटामागं ‘फ्लोराइड’ हा शब्द शोधा. आपल्याकडच्या फ्लोराइडच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग असतं. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये नसतंच, आणि मग ब्रश करण्याचा बराचसा फायदा हातचा जातो. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी ओढतात ती पेस्ट खपावी म्हणून. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. राखुंडी, मीठ, कोळसा, विटकरीची पूड यांनी दात उजळल्यासारखे वाटतात, कारण कवचच खरवडून निघतं. ते पुन्हा उगवत नाही.

ब्रश दात आणि हिरडी मिळतात तिथं तिरका टेकवा. निम्मे केस हिरडीवर, निम्मे दातावर. तिथल्या तिथं हलकेच दहा-बारा वेळा थरथरवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडं ओढून घ्या. एका वेळी दोन-तीनच दात. सुरुवात खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं करा. लाळग्रंथीचं तोंड तिथंच जिभेखाली असल्यानं कीटण, म्हणजे दातावर दगडासारखा घट्ट झालेला थर, सगळ्यात आधी तिथं जमतं, आणि सोप्या जागेपासून सुरुवात केली की तिथवर पोचेपर्यंत कंटाळा आलेला असतो. दुसरी चुकणारी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तोंड आ करून तिथं ब्रश जातच नाही, कारण गाल ताणला जातो. तोंड अर्धं मिटा, गाल सैल पडेल आणि ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत सरकेल. सगळं मिळून दोन मिनिटं.

नंतर थुंका, पण चूळ भरू नका. हे आपल्या सवयीच्या उलट आहे, कारण खळखळून चूळ भरल्याशिवाय आपल्याला बरंच वाटत नाही. पण चुळीबरोबर फ्लोराइड वाहून जातं, आणि ते रात्रभर दातावर राहायला हवं. अगदीच राहवत नसेल तर एक छोटा घोट, तोही लगेच थुंकून. त्यानंतर फक्त पाणी. हळदीचं साखर घातलेलं दूध, च्यवनप्राश, खोकल्याचं गोड औषध हे सगळं ब्रशच्या आधी. लिंबू-सरबत किंवा संत्र्यासारखं आंबट खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून घासा, कारण आम्लानं कवच तेवढा वेळ मऊ झालेलं असतं.

दातांच्या फटी

सांगलीचं भडंग खाल्ल्यावर शेंगदाण्याचं साल आणि चुरमुऱ्याचा चोथा दाढांच्या मध्ये जाऊन बसतो. तासगावचा बेदाणा, चिक्की, कंदी पेढा हे दाढेच्या खळग्यात चिकटून राहतात. ब्रश फटीत पोचत नाही. तिथं काडेपेटीची काडी किंवा टाचणी घातली जाते, आणि हिरडी जखमी होऊन फट आणखी रुंदावते. औषधाच्या दुकानात फ्लॉस, म्हणजे दातांचा दोरा मिळतो. हातभर, साधारण ४५ सेंटिमीटर तोडा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवा. फटीतून करवतीसारखा हलवत हळू उतरवा, खटकन खाली ओढू नका. मग एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून खालून वर घासा, तसंच शेजारच्या दाताला. फटी मोठ्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश मिळतो, तो दोऱ्यापेक्षा सोपा. जिभली असेल तर शेवटी जिभेवरून मागून पुढं तीन-चार वेळा ओढा. सकाळच्या वासाचं मोठं कारण तिथं असतं.

पहिले काही दिवस रक्त दिसेल. रक्त आलं म्हणून घासणं थांबवतात तिथंच गाडी चुकते. रक्त येतं ते थर साठून हिरडी सुजल्यामुळं, आणि थर निघाला की आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते. पंधरा दिवसांनंतरही रक्त येतच राहिलं तर बहुतेक आत कीटण आहे, ते ब्रशनं निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात असं गावोगाव ऐकू येतं. खरं असं की हिरडीखालचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणानं दात एकमेकांना जखडलेले असतात. कीटण निघालं की खरी परिस्थिती दिसते.

मिश्री

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून वाटायची आणि बोटानं हिरड्यांवर चोळायची. या भागात कित्येक बायका ही दात घासायची पूड समजूनच वापरतात, सकाळी, दुपारी आणि झोपण्याआधी. भाजली तरी ती तंबाखूच. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि मेंदूला जागं ठेवतं. झोपण्याआधी मिश्री लावली की झोप उशिरा आणि तुटक लागते, आणि पहाटे तलफेनं जाग येते. ती जाग वयामुळं येते असं वाटतं.

सोडताना दोन गोष्टी आडव्या येतात, त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही अशी बऱ्याच जणींची तक्रार असते आणि ती खोटी नाही, कारण निकोटीननं आतडी हलतात. म्हणून सोडायच्या आठवडाभर आधीपासून सकाळी कोमट पाणी, ताटात पालेभाजी आणि रात्री इसबगोल सुरू करा. दुसरं, निकोटीननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. सोडल्यावर त्या मोकळ्या होतात आणि काही दिवस रक्त जास्त दिसू शकतं. ‘मिश्रीनंच हिरड्या घट्ट होत्या’ असं वाटून बाई परत डबीकडं वळते ती इथंच. सगळ्यात आधी रात्रीची वेळ तोडा, तिच्या जागी ब्रश आणा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. तलफ उठली की पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ भाजलेली बडीशेप चघळा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे.

मिश्री, मावा किंवा गुटखा असणाऱ्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन गाल आणि ओठ आतून बघावेत. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असला तर लगेच दाखवा. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर सुपारीनं गाल कडक होत चाललेत.

झोपेत दात खाणं आणि घोरणं

लहान मूल झोपेत दात खायला लागलं की घरात आधी जंताचं औषध येतं. जंतांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. मुलांचं बहुतेक वेळा आपोआप थांबतं. मोठ्यांचं मात्र बघावं लागतं. सकाळी जबडा आंबलेला, कानशिलं दुखणारी, दाढांचे उंचवटे घासून सपाट, दाताचे टवके उडालेले. यावर दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन रात्री घालायचा गार्ड बनवतात. तो दात खाणं थांबवत नाही, फक्त घर्षण स्वतःवर घेतो. दुकानातला गरम पाण्यात वळवायचा गार्ड मऊ असतो, काही जण तो आणखीच चावतात.

गार्ड बनवण्याआधी शेजारी झोपणाऱ्याला एक विचारा: घोरताना मध्येच श्वास थांबून मग दचकल्यासारखा सुरू होतो का? सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी गाडी चालवताना डुलकी, रक्तदाब गोळ्यांनीही आटोक्यात नाही, असं असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. श्वास अडत असणाऱ्या काहींना साध्या गार्डनं त्रास वाढू शकतो. सौम्य त्रासासाठी खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवणारं वेगळं साधन असतं आणि तेही दंतवैद्यच बसवतात.

दाढ दिवसा गप्प आणि रात्री ठणकते, त्यालाही कारण आहे. आडवं झाल्यावर डोक्याकडं रक्त जास्त येतं आणि दाताच्या आतल्या सुजलेल्या नसेला जागा उरत नाही. त्या रात्रीपुरत्या दोन उशा घेऊन झोपा, बाहेरून गार पट्टी लावा, नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी घ्या. गोळी गिळायची, कुटून हिरडीवर ठेवायची नाही, तिथं कातडी भाजते. लवंगेचं निव्वळ तेल आणि तंबाखूची चिमूटही तसंच करते. दोन दिवसांनी ठणका आपोआप थांबला तर खूश होऊ नका, नस मेली असण्याची शक्यता जास्त. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा घोट गिळताना अडतंय, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

दिसणं

दात पिवळे म्हणून लिंबू-सोडा चोळणारे पुष्कळ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम आला की ती दातांवर चोळायचे व्हिडिओही फिरतात. स्ट्रॉबेरी खावी. चोळल्यानं आम्ल कवचावर बसतं आणि कवच झिजलं की आतला पिवळा भाग आणखी दिसतो. आधी कीटण आणि चहा-तंबाखूचे डाग काढून घ्या, मग रंग ठरवा. बहुतेकांचं काम तिथंच भागतं. त्यापुढं उजळून घ्यायचे असतील तर दंतवैद्याकडून जेल आणि मापाचा ट्रे घ्या. दोन-तीन आठवडे रात्री लावायचं असतं. कॅप आणि भरलेला सिमेंटचा भाग मात्र उजळत नाही, त्यामुळं नवी कॅप करायची असेल तर आधी दात उजळवा, मग तिचा रंग जुळवा.

मागच्या दाढा काढून तशाच सोडल्या की काही वर्षांत शेजारची दाढ त्या पोकळीत कलते, समोरची उतरून येते आणि गाल बसतात. दिसत नाही म्हणून टाळलेलं काम शेवटी चेहऱ्यावरच दिसतं.

शुगर, कवळी आणि सहा वर्षांची दाढ

मधुमेह असला की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत पू असला की शुगर आवरत नाही. हिरड्यांचे उपचार नीट झाल्यावर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, साधारण ०.३ ते ०.४ नं खाली येऊ शकतो. गोळ्या न बदलता मिळणारा हा फायदा आहे. दात काढायला जाताना जेवून, नेहमीची गोळी घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, दाखवा आणि विचारा. हृदयाची झडप बदललेली असेल तर ते खुर्चीत बसण्याआधी सांगा, काहींना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

कवळी रात्री काढायचीच. घालून झोपलं की टाळूला बुरशी येते, लाल होऊन चुरचुरतं. धुताना खाली पाणी भरलेलं पातेलं ठेवा, हातातून निसटली तर फरशीवर पडून तुटणार नाही. पेस्टनं कवळीवर ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात, म्हणून साध्या साबणानं घासून गार पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाण्यानं ती वाकते.

बाळ तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपलं की वरचे पुढचे चार दात आधी काळे पडतात. बाटली झोपण्याआधी काढा, दातांवरून ओलं फडकं फिरवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागं एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजून सोडून दिली जाते. ती जन्मभराची असते. पूर्ण वर आली की तिच्या खळग्यांत पातळ लेप भरून घ्या, त्याला दुखत नाही की टोचत नाही.

खर्चासाठी अडत असेल तर दंत महाविद्यालयांचे दवाखाने आहेत: सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, कराडला लागून मलकापुरात कृष्णा विद्यापीठाचं. तिथं शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळं पैसे कमी लागतात आणि वेळ जास्त. सकाळी लवकर जा, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधीचे एक्स-रे बरोबर ठेवा, आणि कामाला दोन-तीन खेपा लागतील असं धरूनच निघा.