नाताळाआधीची तलावाकाठची सहल: या चुका टाळा

डिसेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल जलाशयावर जाऊन हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाहण्याचा बेत ज्यांनी आखला असेल, त्यांनी तो आजच मोडावा. हे मंदिर धरणाच्या फुगवट्यात गेलेले असून उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच ते उघडे पडते, आणि मोबाइलवर फिरणारी त्याची सगळी सुंदर छायाचित्रे त्याच दिवसांतली असतात. ही चूक मी स्वतः केली आहे. कोल्हापूरहून आलेल्या बहिणीला आणि भाचीला घेऊन मी ऐन डिसेंबरात तेथे गेलो, आणि समोर क्षितिजापर्यंत पाणीच पाणी पाहून भाचीने विचारले, "मामा, देऊळ कुठं आहे?" काठावर मेंढरे चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने काठी पाण्याकडे रोखली आणि एवढेच म्हटले, "ब्यासिग्याग बर्री." म्हणजे, उन्हाळ्यात या.

बेळगाव परिसरातल्या पाण्याचे वेळापत्रक ध्यानात न घेता निघणे, ही या सहलीतली मूळ चूक आहे. पाऊस बरा झालेला असेल तर डिसेंबरात धरणे भरलेली असतात आणि धबधबे रोडावलेले असतात. ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा हिडकलचा राजा लखमगौडा जलाशय आणि मलप्रभा नदीवरचे सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण या दिवसांत पाहण्यासारखे असतात, उलट ५२ मीटर उंचीवरून कोसळणारा गोकाकचा धबधबा, जो जुलै-ऑगस्टमध्ये तांबड्या पाण्याने कड्याची रुंदी व्यापून टाकतो, तो नाताळाच्या सुमारास खडकावरून उतरणाऱ्या काही धारांपुरता उरतो. म्हणून धबधब्याला मुख्य ठिकाण मानून दिवस आखू नये. जलाशयाला आणि धुपदाळच्या बंधाऱ्याला वेळ द्यावा आणि धबधब्यावर जाता जाता अर्धा तास थांबावे. खडकाची कपार आणि १८८७ साली जेथे पाण्यावर वीज निर्माण झाली तो परिसर पाहायला तेवढा वेळ पुरतो.

तारीख निवडताना होणारी चूक याहून महाग पडते. सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये उभे राहिल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात बेळगावात भरते, आणि त्या काळात शहरातल्या लॉजच्या खोल्या अधिकारी, आमदार आणि पोलिस यांच्यासाठी आधीच धरून ठेवलेल्या असतात. अधिवेशनाच्या तारखा दरवर्षी बदलतात: २०२१ मध्ये ते १३ ते २४ डिसेंबर चालले, २०२२ मध्ये १९ तारखेला सुरू झाले, २०२३ मध्ये ४ ते १५ असे आटोपले. त्यामुळे "मागच्या वर्षी याच तारखेला गेलो होतो" या आठवणीवर विसंबणे चुकीचे ठरते. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, तर निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी कडक होते आणि आंतरराज्य बस काही काळ थांबवल्या जातात. महाराष्ट्रातून पाहुणे येणार असतील तर त्यांना निदान तो पहिला दिवस टाळायला सांगावे. मुक्काम शहरात न करता गोकाक किंवा घटप्रभा गावी केला, तर खोल्यांची अडचण बरीचशी सुटते.

सौंदत्तीच्या बाजूने जाणाऱ्यांनी दुसरे पंचांग पाहावे. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्मा डोंगरावर मोठी गर्दी लोटते, कोल्हापूरकडून भाविकांच्या गाड्यांची रीघ लागते, आणि नविलुतीर्थाच्या शांत काठासाठी निघालेला माणूस यात्रेच्या कोंडीत सापडतो. २०२५ मध्ये ही पौर्णिमा ४ डिसेंबरला होती, म्हणजे नाताळाआधीचा आठवडा मोकळा होता. २०२६ साली मात्र ती २३ डिसेंबरच्या सुमारास, नेमकी नाताळाला चिकटून येत आहे. मार्गशीर्षातले गुरुवार घरी पाळत असतील, तर सहलीचा दिवस आणि जेवणाचा बेतही त्याप्रमाणे ठरवावा, नाहीतर पाण्याकाठी मासे तळले जात असताना घरची अर्धी मंडळी साबुदाणा शोधत फिरतात.

तारखेइतकीच दिशाही महत्त्वाची आहे. बेळगावकरांचा ओढा जन्मजात गोव्याकडे असतो, परंतु २० डिसेंबरनंतर चोर्ला आणि अनमोड या दोन्ही घाटांत पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी वाढत जाते. नाताळाआधीचे दोन दिवस हाताशी असतील तर पूर्वेकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वेकडे वळल्यावरही सगळे एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. हिडकल, धुपदाळ आणि गोकाक ही तिन्ही ठिकाणे घटप्रभा नदीवर याच क्रमाने येतात, त्यामुळे नदीबरोबर खाली खाली गेल्यास एक दिवस पुरतो. सौंदत्ती मात्र मलप्रभेच्या खोऱ्यात आहे. ती त्याच दिवशी जोडली की चारही ठिकाणी केवळ गाडीतून उतरून छायाचित्र काढणे होते. धुपदाळला तर घाईने गेल्यास काहीच हाती लागत नाही. बंधाऱ्यामागे पसरलेले उथळ पाणी हे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, आणि हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे कांड्या करकोचे येतात. हे पक्षी सकाळी शेतांत चरायला उतरतात आणि ऊन चढू लागल्यावर पाण्याकडे परततात, म्हणून पहाटे तासभर पाहून "काहीच नाही" म्हणत निघून जाणाऱ्यांची फसगत होते. दुर्बीण न्यावी, भडक कपडे टाळावेत आणि काठावर ढोलकी-स्पीकर अजिबात लावू नये. तरीही पक्षी दिसले नाहीत, तर त्या दिवशी पाण्याची पातळी बदललेली असू शकते. अशा वेळी बंधाऱ्यालगत न थांबता फुगवट्याच्या वरच्या अंगाला उथळ, चिखलाळ काठ शोधावा.

बस आणि रेल्वेच्या बाबतीत तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली अशी की गोकाक रोड हे स्थानक गोकाक गाव नव्हे. नाव वाचून तेथे उतरलेल्या माणसाला पुढे गावापर्यंत वडाप (सवारी जीप) किंवा बस शोधत बसावे लागते. धुपदाळसाठी घटप्रभा स्थानक सोयीचे आहे. दुसरी, खेड्यांकडे जाणाऱ्या बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, त्यामुळे ज्यांना लिपी येत नाही त्यांनी कंडक्टरला विचारूनच चढावे. तिसरी, जून २०२३ पासून लागू असलेला स्त्रियांचा मोफत प्रवास हा कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आणि साध्या बससाठी आहे. आमच्या सहलीत बायकोला आधार कार्ड दाखवून शून्य रकमेचे तिकीट मिळाले आणि शेजारीच बसलेल्या कोल्हापूरच्या बहिणीला पैसे मोजावे लागले, यावरून दोघींत गोकाक येईपर्यंत थट्टा चालली होती. शून्य रकमेचे असले तरी ते तिकीट घ्यावेच लागते, आणि ओळखपत्र जवळ असावे लागते.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी परतीची वेळ कडक पाळावी. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि हंगाम उसाच्या गळिताचा असतो. हुक्केरी, संकेश्वर, गोकाक या पट्ट्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात चाललेले असतात, ज्यांच्या मागच्या बाजूला पुष्कळदा दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले की पुढची ट्रॉली हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. अंधार पडलाच, तर ओव्हरटेक करण्याचा नाद सोडून अंतर राखून चालवावे. दुचाकीवर असाल तर दुपारच्या उन्हाला भुलून स्वेटर आणि कानटोपी घरी ठेवू नये, कारण पाण्याकाठचा गारठा सूर्य कलताच अंगात शिरतो.

पाण्यात उतरू नये, हे सांगणे कंटाळवाणे वाटते, तरी त्याचे कारण सांगायला हवे. फुगवट्याखाली जुनी शेते, बांध आणि विहिरी बुडालेल्या असतात, म्हणून गुडघाभर पाण्यानंतरचे पाऊल एकदम खोलात जाऊ शकते, आणि काठावरचा काळा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय धरून ठेवतो. बेळगावाला पाणी पुरवणाऱ्या राकसकोपला तर पाण्यापासून दूरच राहावे. धरणाच्या भिंतीवर सोडले नाही, तर रखवालदाराशी हुज्जत न घालता फुगवट्याच्या काठच्या एखाद्या गावाकडे गाडी वळवावी, जलाशय तेथून अधिक मोकळा दिसतो.

नाताळाच्या भेटीसाठी बेळगावच्या कॅम्प भागातल्या बेकरीतला प्लम केक आधीच घेऊन सहलीला नेणे ही शेवटची, किरकोळ चूक. तो उन्हात तापलेल्या डिकीत चुरा होतो. केक परतल्यावर घ्यावा आणि येताना गोकाकहून करदंट आणावा. कन्नडमध्ये 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक, आणि गुळाच्या पाकात सुक्या मेव्याबरोबर बांधलेला हा डिंक दाताखाली कुरकुरला पाहिजे, म्हणून पाकीट घेण्याआधी दुकानदाराकडे एक तुकडा चाखायला मागावा.