वावरातला कॅमेरा रात्रभर उगाच वाजतो? आधी शिडी लावा

हिंगणघाटकडच्या खेड्यांत मी कॅमेरे बसवून देतो. पावसाळा लागला की फोन सुरू होतात: "भाऊ, मोबाइल रातभर टिंगटिंग करते, अन् पाहतो त कोणीच नाही." कंटाळून लोक नोटिफिकेशनच बंद करून टाकतात. मग पाण्याच्या मोटारीची केबल नेमकी तेव्हाच चोरीला जाते.

सेटिंग नंतर, आधी जागा पाहा. साध्या कॅमेऱ्याला चोर अन् फांदी यांतला फरक कळत नाही. मघाचं चित्र आताच्या चित्राशी जुळलं नाही, की तो ओरडतो. त्यामुळे पऱ्हाटी, निंबाची फांदी, दोरीवरचं लुगडं चित्रात येऊच देऊ नका. आठ-दहा फूट उंचीवर बसवून तोंड खाली झुकवा. रस्ता दिसला तर प्रत्येक ट्रॅक्टरच्या लाइटवर अलर्ट येणार.

खरी डोकेदुखी किड्यांची. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे लागतात, अन् काचेजवळून गेलेलं चिलटही पांढऱ्याफटक गोळ्यासारखं दिसतं. मागोमाग कोळी येतो. त्याचं जाळं वाऱ्यानं हललं, की झालं सुरू. यावर माझा आवडता इलाज म्हणजे कॅमेऱ्यातले दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड लाइट चार-पाच फूट बाजूला लावणे. काचेपुढचा किडा मग उजळतच नाही. तेवढा खर्च नको असेल तर काठीला मऊ सुती फडकं बांधून दर आठवड्याला जाळं काढा. काचेवर तेल, रॉकेल चोपडू नका. धूळ बसून चित्र आणखी खराब होतं.

बॅटरीच्या, सोलरवाल्या कॅमेऱ्यांत बहुधा पीआयआर सेन्सर असतो. तो उष्णतेतला फरक टिपतो. आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. म्हणून फाटकावर रोखून न लावता वाटेला आडवा लावा. आपल्याकडे मे महिन्यात सांजच्याला भिंत अन् माणसाचं अंग सारखंच तापलेलं असतं. तेव्हा त्याला माणूसही दिसत नाही. उन्हाळ्यात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती लहान बदलावर अलर्ट यावा ती सेटिंग, थोडी वाढवा, पाऊस पडला की उतरवा.

आता ॲप उघडा. झोन, म्हणजे चित्रातल्या ज्या भागातल्या हालचालीवर अलर्ट हवा तो भाग, फक्त गोठ्याचं दार अन् स्टार्टरच्या पेटीभोवती आखा. धुरा, म्हणजे वावराचा बांध, बाहेरच ठेवा, तिथून रोही (नीलगाय) अन् डुकरं जाणारच. माणूस ओळखायची सोय असेल तर चालू करा. दिवसा मजूर असतात, तेव्हा अलर्ट बंद, रेकॉर्डिंग मात्र चालू. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात शेवटी, अन् एकेक घर कमी करा. एकदम तळाला नेली तर चोरालाच सोय.

सगळं झालं की अंधार पडल्यावर घरातल्या एकाला मोबाइल घेऊन बसवा अन् दुसऱ्याला बैलबंडीच्या आडून वाकून, डोक्यावर कुटाराचं पोतं घेऊन गोठ्याकडे जायला सांगा. पोत्याखालचा माणूस ॲप ओळखेलच असं नाही. अलर्ट आला नाही तर ती ओळखीची सोय बंद करून नुसत्या झोनवर भिस्त ठेवा.