बांधावरच्या झाडांपासून कार्बन क्रेडिटपर्यंत

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतून शोषलेला किंवा हवेत जाण्यापासून रोखलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. सांगोला, मंगळवेढा भागातील शेतकऱ्यांना बांधावर कडुलिंब, चिंच लावून अशी क्रेडिट मिळवणारा प्रकल्प उभारायचा असेल, तर क्रेडिटच्या पैशाशिवायही ही झाडे लागलीच असती का, हे आधी प्रामाणिकपणे तपासावे. उत्तर होकारार्थी असेल, तर प्रकल्प तिथेच थांबतो; कारण जे आपसूक झालेच असते, त्याचे क्रेडिट मिळत नाही.

जागा निवडताना गवताळ माळाला हात लावू नये. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य ज्याने पाहिले आहे, त्याला माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर प्रत्येकाचा सातबारा, लेखी संमतीपत्र आणि लागवडीपूर्वीची छायाचित्रे गोळा करावीत. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या कार्बन क्रेडिट देणाऱ्या संस्थांपैकी एकीची कार्यपद्धती निवडून प्रकल्प अहवाल लिहावा आणि मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्थेकडून त्याची छाननी करून घ्यावी. नोंदणी त्यानंतरच होते.

खरी कसोटी मोजणीची आहे. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, साल सुटलेली असल्यास ती काढून, टेपने खोडाचा घेर घ्यावा. त्यावरून सूत्राने झाडाचे कोरडे वजन काढून त्याचा सुमारे ४७ टक्के भाग कार्बन धरावा आणि त्याला ४४/१२ ने गुणावे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. ही आकडेवारी पडताळल्यावरच क्रेडिट मिळतात. दुष्काळात किंवा वणव्यात झाडे गेल्यास भरपाई व्हावी म्हणून त्यांतील काही राखीव ठेवली जातात. उरलेल्यांतील शेतकऱ्याचा वाटा पहिल्याच करारात स्पष्ट लिहावा.