नानचाकू आणि साखळी-चाबूक : सुरक्षित सराव कसा करावा

नानचाकू (दोरीने किंवा साखळीने जोडलेल्या दोन आखूड काठ्या), साखळीचा चाबूक, तीन तुकड्यांची काठी किंवा टोकाला वजन बांधलेली दोरी फिरवताना पहिला मार बहुधा फिरवणाऱ्यालाच बसतो, कारण सांध्यावर मोकळे फिरणारे टोक वळून त्याच्याकडेच येते. म्हणून वेग आणि वार नंतर शिकावेत. परत येणारे टोक सांभाळणे आधी शिकावे.

सुरुवात जागेपासून करावी. पेठेतल्या इमारतीच्या गच्चीवर सोलर हीटर, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या असतात, त्यामुळे शक्य असेल तर मोकळे मैदानच निवडावे. हाताची लांबी आणि शस्त्राची लांबी मोजून त्यात किमान एक मीटर मिळवावा. हात ७० सेंटीमीटर आणि साखळी दीड मीटर असेल, तर ३.२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने आखावे. कोणीही रेषेच्या आत पाऊल टाकले की फिरवणे थांबलेच पाहिजे, मग ते लहान मूल असो वा स्वतः वस्ताद.

अर्थात दोरी तुटली तर हे वर्तुळ पुरत नाही. एका पावसाळ्यानंतर मी सदाशिव पेठेतल्या गच्चीवर सुती दोरीचा जुना नानचाकू न तपासता फिरवायला घेतला आणि तिसऱ्याच फेरीत त्याची एक काठी सुटून थेट टाकीवर आदळली. तिथे रोज बसणारी मुले नुकतीच जेवायला खाली गेली होती. नंतर पाहिले तेव्हा काठीच्या भोकाच्या कडेशी, जिथे दोरी लाकडावर घासते, तिथे पांढरा पिसारलेला कापूस दिसत होता. बाकीची दोरी मात्र धडधाकट होती. तेव्हापासून मी प्रत्येक सरावाआधी भोकाजवळ अंगठ्याचे नख फिरवून पाहतो आणि एखादा धागा जरी सुटलेला लागला तरी दोरी बदलतो. साखळीच्या बाबतीत प्रत्येक कडीचा जोड उघडला आहे का, फिरकीचा (काठी आणि साखळी यांना जोडणाऱ्या फिरत्या भागाचा) स्क्रू ढिला झाला आहे का, हे पाहावे आणि दोन्ही टोके धरून जोरात ताण द्यावा. पावसाळ्यात सुती दोरी दमट पिशवीत ठेवू नये, कारण ती आतून कुजते.

शिकायला फोमचे वेष्टन असलेला नानचाकू घ्यावा. साखळी-चाबकाची सवय करायची असेल, तर जुन्या मोज्यात चिंध्या भरून तो दोरीला बांधावा; तो अंगावर आपटला की चूक कळते, इजा होत नाही. दांडपट्ट्याचे पातेही लवचिक असते, पण ते धारदार असल्यामुळे आणि मूठ कोपरापर्यंतचा हात झाकून मनगट बांधून टाकत असल्यामुळे त्याचा सराव घरी एकट्याने मुळीच करू नये. लाठी-काठीत हात बसल्यावर वस्तादांच्या नजरेखालीच पट्टा हाती घ्यावा.

पहिले काही आठवडे शरीराच्या एकाच बाजूला, उभ्या पातळीत, अगदी सावकाश फेरी घ्यावी. मूठ आवळून धरल्यास मनगट अडते आणि टोकाची दिशा बिघडते, म्हणून पकड पक्की पण मनगट सैल असावे. त्यानंतर थांबवण्याचा सराव करावा: फेरीचा जोर ओसरू द्यावा आणि टोक मांडीच्या मांसल भागावर किंवा काखेत अलगद घ्यावे. माझ्या मते शंभर वेळा नीट थांबवता येईपर्यंत आठाच्या आकाराची फेरी शिकूच नये. ताबा सुटला तर दुसऱ्या हाताने टोक पकडायला जाऊ नये, कारण बोटे अशीच मोडतात. हनुवटी छातीकडे घ्यावी आणि हात खाली सोडून टोक जमिनीकडे जाऊ द्यावे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे लक्षात ठेवून वेग हळूहळूच वाढवावा.

डोळ्यांना संरक्षक चष्मा, डोक्याला हेल्मेट आणि पुरुषांनी क्रिकेटचा गार्ड वापरावा. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. उन्हाळ्यात तळवे घामेजतात, तेव्हा दर काही मिनिटांनी ते कोरड्या फडक्याने पुसावेत.

मुका मार लागल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे धरावा. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी किंवा गुंगी आली, तर वाट न पाहता १०८ वर फोन करावा.

मैदानावर जाता-येता शस्त्र बंद पिशवीतच ठेवावे. सण-उत्सवांच्या काळात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये शस्त्रे, लाठ्या बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढतात. तसा आदेश लागू असेल, तर त्या दिवसांत शस्त्र घरीच ठेवून नुसत्या पदन्यासाचा सराव करावा.